आशाताईंना मानसिक आरोग्याचं काय शिकवावं आणि कसं?

विचारलेला प्रश्न असा: "मी ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रात गटप्रवर्तक आहे. माझ्याकडे २४ आशाताई आहेत. मानसिक आरोग्यावर दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्या असा निरोप तालुक्याहून आलाय, अंगणवाडी सेविकाही येणार आहेत. मागच्या वर्षीही असं प्रशिक्षण झालं होतं. पुस्तिका मिळाली, नंतर काहीच झालं नाही. या वेळी गावात खरोखर उपयोग होईल असं काय शिकवावं?"

ताई, आधी एक विनंती. दोन दिवस सलग घेऊ नका. एक दिवस आता घ्या, दुसरा तीन आठवड्यांनी. मधल्या काळात प्रत्येकीने फक्त दोन घरी जाऊन बोलायचं आणि काय घडलं ते दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचं. प्रशिक्षण दोनच दिवसांचं राहतं, पण दुसऱ्या दिवशी तुमच्यासमोर बसलेल्या बायका अनुभव घेऊन आलेल्या असतात. माझ्या पाहण्यात यापेक्षा मोठा फरक पाडणारी दुसरी गोष्ट नाही.

मी मनोविकार सामाजिक कार्यकर्ती आहे. गेली १९ वर्षं विदर्भात आशा, एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका), अंगणवाडी सेविका आणि बचत गटांच्या ताईंना शिकवते. पहिली काही वर्षं मीही पुस्तिकेप्रमाणे शिकवलं. आजारांची नावं, लक्षणांच्या याद्या, शेवटी लेखी चाचणी. चाचणीत सगळ्यांना भरपूर गुण मिळायचे. मग त्या गावात जाऊन मिरगीचे रुग्ण शोधून आणायच्या, आणि गाव ज्यांना आधीपासूनच वेडं म्हणत होतं ती माणसं. त्यांनाही उपचार हवेच होते, ते मिळाले, चांगलं झालं. पण तीन घरं पलीकडे रात्ररात्र जागी राहणारी सून, नापिकीनंतर बोलणंच सोडलेला शेतकरी, बारावीत नापास झालेला मुलगा, यांतलं कोणी त्यांच्या यादीत नसायचं.

माझे डोळे उघडले ते एका पन्नाशीच्या आशाताईंमुळे. प्रशिक्षण संपताना त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमी सांगता ते सारं समजलं. पण माह्या तोंडातून हे निघन कसं? शेजारच्या सुनेकडे मी रोज जातो. तिले कसं इचारू, का बाई, तुले मरावंसं वाटते का?"

माझ्या पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. त्या दुपारी आम्ही सगळ्यांनी ते वाक्य एकमेकींना मोठ्यांदा विचारून पाहिलं. काहीजणी संकोचून हसल्या. दोघी रडल्या. एकीच्या तोंडून शब्दच फुटेना. तिचा भाऊ फवारणीचं औषध पिऊन गेला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. लक्षणांची यादी पाठ असणं आणि शेजारणीला तो प्रश्न विचारता येणं यांत किती अंतर आहे, ते त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून माझ्या प्रशिक्षणात अर्ध्याहून जास्त वेळ बोलण्याच्या सरावाला असतो.

तुमच्या ताई आजही हे प्रश्न विचारतातच, कागदावर. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक अर्ज, म्हणजे मधुमेह-कर्करोगासारख्या आजारांचा धोका ओळखायचा अर्ज, त्या भरतात. त्यात मानसिक आरोग्याचे दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वा आनंद वाटला नाही असं किती वेळा झालं, आणि उदास किंवा निराश किती वेळा वाटलं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, आणि बेरीज तीनच्या पुढे गेली तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवायचं. प्रश्न चांगले आहेत, जगभर वापरले जातात. पण ते विचारले जातात कसे, ते एकदा सोबत जाऊन पाहा. तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, खोकला किती दिवस, आणि त्याच दमात "निराश वाटते काय?" ओसरीवर सासू तांदूळ निवडत बसलेली असते. "नाही." शून्य. पुढचा प्रश्न. अशा शून्यांनी भरलेले गठ्ठे मी पाहिले आहेत, आणि त्याच गावांत वर्षभरात झालेल्या आत्महत्याही पाहिल्या आहेत.

म्हणून पहिल्या दिवशीचा पहिला तास फळ्याला द्या. आपल्या गावात माणूस मनानं थकला की काय म्हणतो, ते ताईंनाच विचारा आणि त्यांच्या शब्दांत लिहा. जीव लागत नाही. जेवण गोड लागत नाही. छातीत धडधडते. हातपाय गळून गेले. डोक्यात भुंगा फिरतो. टेन्शन आलं. अर्ध्या तासात फळा भरतो, आणि 'नैराश्य' हा शब्द त्यात एकदाही नसतो. बाया बहुतेकदा अंगदुखी, अशक्तपणा, अंगावरून पांढरं जाणं अशा तक्रारी घेऊन येतात. पुरुष चिडतात, पितात, रात्री शेतात जाऊन बसतात. एवढं फळ्यावर आलं की आजारांची नावं पंधरा मिनिटांत सांगून होतात. ताईंना ती लगेच पटतात, कारण प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर एखादं घर आलेलं असतं.

मग विचारायची वाट शिकवा. झोपेपासून सुरुवात करायची, कारण झोपेबद्दल बोलायला कोणाला लाज वाटत नाही. झोप लागते का? मधेच जाग येते का? जाग आल्यावर काय विचार येतात? या तिसऱ्या प्रश्नाशी माणूस बोलू लागतो. विचारायचं ते एकटं गाठून: नळावर, शेताच्या वाटेवर, बाळाचं वजन घेताना. सीबॅकचे ते दोन प्रश्नही अशाच वेळी विचारा आणि गुण नंतर घरी बसून भरा.

सरावासाठी तिघी-तिघींचे गट करा. एक बोलेल, एक ऐकेल, तिसरी नुसती पाहील. बोलणारीने स्वतःची खरी पण बेताची अडचण सांगायची. ऐकणारीने पाच मिनिटं सल्ला द्यायचा नाही. हे भयंकर अवघड जातं. आपल्याकडे आधार देणं म्हणजे सल्ला देणं, अशी समजूत आहे. तिसरीने मोजायचं, पहिला सल्ला कितव्या मिनिटाला आला. काही वाक्यं मी फळ्यावर लिहून खोडायलाच लावते: "सगळ्यांनाच टेन्शन असतं", "देवाचं नाव घे", "लेकरांकडे पाहून जग". शेवटच्या वाक्यावर ताई हमखास वाद घालतात, त्यात काय वाईट आहे म्हणून. मी त्यांना सांगते, फार खचलेल्या बाईला आतून असं वाटत असतं की मी नसले तर लेकरांचं भलंच होईल. तिला लेकरांची आठवण दिली की ती आणखी अपराधी होते आणि पुढे बोलत नाही. त्याऐवजी एवढंच म्हणा, "किती दिवसांपासून असं होते?" आणि थांबा.

आत्महत्येचा प्रश्न दुसऱ्या दिवशी घ्या, सकाळीच, ताई ताज्या असताना. पहिली भीती असते ती 'विचारलं तर डोक्यात घालून दिल्यासारखं होईल' ही. असं होत नाही. यावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून जीव हलका होतो. दुसरी भीती पोलिसांची. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, आणि तिला उपचार व आधार देणं ही सरकारची जबाबदारी ठरते. जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ त्या रूपात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. तुमच्या ताईंना हे ठामपणे सांगा. विष घेतलेल्या माणसाला केवळ पोलिसांच्या धाकाने दवाखान्यात उशिरा नेलेलं मी पाहिलं आहे.

विचारायचा क्रम साधा ठेवा. जगणं नकोसं वाटते का? मरून जावं असा विचार येतो का? कसं करायचं हेही मनात आलंय का? ते सामान घरात आहे का? शेवटच्या दोन प्रश्नांना 'हो' आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातल्या एका भरवशाच्या माणसाला सोबत घ्यायचं आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. प्रशिक्षणातच प्रत्येकीला आपल्या फोनवरून तो लावायला सांगा. एकदा स्वतः बोललेली ताईच दुसऱ्याला तो नंबर विश्वासाने देते.

आणि कीटकनाशक. आपल्या भागात हा वेगळा विषयच समजा. मरणाची तीव्र ओढ बऱ्याचदा थोडा वेळ टिकते, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली तेव्हा तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणावर घटल्या. बंदी घालणं आशाताईच्या हातात नाही. पण खाटेखाली ठेवलेला डबा कुलपात जावा, किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे राहावी, हंगाम संपल्यावर उरलेलं औषध घरात राहू नये, एवढं ती सांगू शकते. फवारणीच्या दिवसांत हे सगळ्याच घरी सांगा, म्हणजे कोणा एकावर बोट राहत नाही.

"आम्ही दहावी-बारावी शिकलेल्या, आम्हाला हे जमेल का?" हा प्रश्न येणारच. तेव्हा त्यांना गोव्याचं सांगा. तिथे 'संगाथ' या संस्थेने मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या साध्या माणसांना शिकवून, प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका घ्यायला लावल्या. ४९५ रुग्णांवरचा हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी, या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचीच, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. बैठकांचा गाभा अगदी साधा होता. मन लागलं की काम करीन, असं म्हणून माणूस एकेक गोष्ट सोडत जातो आणि आणखी खचतो. त्याला उलट्या बाजूने आणायचं: आधी एक छोटी, पूर्वी आवडणारी गोष्ट करायची, मन मागून येतं. आपल्या अमरावती जिल्ह्यातही 'विश्राम' या प्रकल्पात ३० गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्केच लोक मदत घ्यायचे, प्रकल्पानंतर ते २७.२ टक्के झालं. ताईंना मी हे आकडे सांगते तेव्हा अमरावतीचं नाव ऐकून त्या सरसावून बसतात.

पण इथे सावध राहा. गोव्यातले समुपदेशक याच कामासाठी नेमलेले होते आणि त्यांच्यावर दर आठवड्याला देखरेख होती. तुमच्या ताईंकडे बाळंतपण, लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षणं आणि दहा प्रकारचे अर्ज आहेत, आणि हातात मोबदला तुटपुंजा, तोही उशिरा. त्यांना समुपदेशक बनवायला जाऊ नका. ओळखणं, विचारणं, दवाखान्यापर्यंत सोबत जाणं आणि नंतर पाठपुरावा करणं, एवढं त्यांचं काम. यातला पाठपुरावा सगळ्यात दुर्लक्षित आहे. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, अस्वस्थपणा पहिल्याच आठवड्यात होतो. शेजारी म्हणतात, झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागेल. गोळी तिथेच बंद होते. चौथ्या दिवशी ताई दारात जाऊन "त्रास होते ना? हा कमी होईल, डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नको" एवढं म्हणाली तरी पुष्कळ उपचार वाचतात.

यासाठी प्रशिक्षणाआधी तुम्हाला दोन फेऱ्या माराव्या लागतील. तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा, नैराश्याची गोळी केंद्रात आज शिल्लक आहे का. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला विचारा, मनोविकारतज्ज्ञ ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी, किती वाजता बसतात. त्यातल्या सामाजिक कार्यकर्त्याचा नंबर घ्या आणि जमलं तर त्यालाच प्रशिक्षणाला बोलवा. एका तालुक्यात आमच्या ताईंनी मोठ्या धीराने अकरा जणांना पाठवलं. बसभाडं खर्चून माणसं गेली, त्या दिवशी डॉक्टर नव्हते. पुढचे सहा महिने त्या ताईंनी एकालाही पाठवलं नाही. त्यांची चूक नव्हती. गावात त्यांचा शब्द पडला होता. शिकवण्याआधी मागची सोय मी तपासायला हवी होती.

गुप्ततेला पूर्ण एक तास द्या. आशा त्याच गावची सून असते, निम्म्या गावाशी तिचं नातं असतं. म्हणून तिला सांगणं सोपं, आणि म्हणूनच भीतीचंही. आशेला सांगितलं की गावाला कळतं, हे एकदा पसरलं तर सगळं संपलं. आजचा सगळ्यात मोठा धोका तुमच्या व्हॉट्सॲप गटात आहे. रुग्णाचं नाव, केसपेपरचा फोटो त्या गटावर कधीच टाकायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घाला आणि आधी स्वतः पाळा. जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर गप्प बसता येत नाही. मुलांवरच्या अत्याचाराबद्दल पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. असं काही पुढे येईल असं वाटलं, तर माणूस बोलण्याआधीच त्याला हे प्रेमाने सांगायचं.

भगत, देवर्षी, दर्गा यांवरून ताई अडतात. गावाच्या श्रद्धेशी भांडू नका. "तिकडे जाताय तर जा, पण गोळीही घ्या" हे वाक्य लोक ऐकतात. मात्र साखळीने बांधणं, मारणं, चटके देणं दिसलं तर मध्ये पडावंच लागतं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. ताईने एकटीने पुढे होऊ नये, तुम्हाला आणि पोलीस पाटलाला कळवावं.

अंगणवाडी सेविकांना मागे बसवून ठेवू नका. ओल्या बाळंतिणीपर्यंत आशा आणि त्या, दोघीही पोहोचतात. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. बाळाचं वजन, तापमान, श्वास, सगळं पाहते. आईकडे कोण पाहतं? बाळाला जवळ घेत नाही, सारखी रडते, बाळ झोपलं तरी ही झोपत नाही, तिसऱ्यांदा मुलगी झाली म्हणून घर गप्प आहे, हे त्याच भेटीत दिसतं. त्या सहा भेटींत आईसाठी दोन मिनिटं वेगळी काढायला शिकवा. घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता दोघींच्याही डायरीत हवा.

पुरुषांपर्यंत आशा फारशी पोहोचत नाही, हेही मान्य करा. आरोग्य सेवक, कृषी सहायक, पोलीस पाटील यांना दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास बोलवा. कर्जवसुलीची नोटीस कोणाच्या दारात गेली, कोणाचं पीक गेलं, कोण शेतावरून परतत नाही, हे त्यांना आधी कळतं.

आता प्रशिक्षणानंतरचं, जिथे मागच्या वर्षी तुमची गाडी थांबली. दर महिन्याच्या आशा बैठकीत एक तास या विषयासाठी राखून ठेवा. अहवाल घेऊ नका, आकडे विचारू नका. नाव न घेता एका ताईने एक घर सांगायचं: काय पाहिलं, काय विचारलं, कुठे अडलं. बाकीच्यांनी आपण काय म्हटलं असतं ते सांगायचं. 'संगाथ'च्या गटांत समुपदेशक आपल्या बैठकांचं ध्वनिमुद्रण सगळ्यांसमोर ऐकवत आणि एकमेकांना गुण देत. तेवढं आपल्याला शक्य नाही, पण तत्त्व तेच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला, इंजेक्शन द्यायला शिकवलं. त्या शिकल्या, कारण कोणीतरी पुन्हा पुन्हा गावात जाऊन त्यांचं काम पाहत होतं, चुकलं तर तिथेच दुरुस्त करत होतं.

या तासाचा आणखी एक उपयोग आहे. दुसऱ्यांची दुःखं ऐकणारी ही बाई स्वतः काय सोसते, ते आपण विचारत नाही. नवरा पितो, मोबदला थकलाय, रात्री दोनला बाळंतपणाचा फोन येतो, आणि ज्या घरी ती गेल्या आठवड्यात गेली होती तिथलाच माणूस गेला. अशा वेळी "तू विचारलं नव्हतंस का?" असं कोणी म्हणालं तर ती मोडते. असं झालं तर दुसऱ्याच दिवशी तुम्ही तिच्या घरी जा. चहा घ्या, तिला बोलू द्या, अर्ज घेऊन जाऊ नका. तिला स्वतःला उपचार लागले तर शेजारच्या तालुक्यात सोय करा, आपल्याच केंद्रात तिचा केसपेपर निघू नये.

तारखा ठरवताना कापूस वेचणीचे दिवस टाळा, बऱ्याच ताई तेव्हा स्वतः शेतात असतात. पहिल्या महिन्याच्या बैठकीत बहुतेकजणी म्हणतील, आमच्या गावात असं कोणी नाही. एखादीच, मागच्या रांगेतून, हळूच एका घराविषयी सांगेल. त्या दिवशीचा सगळा तास तिला द्या.